इसेकाई क्वार्टेट, ब्रेक टाइम, स्लाइम डायरीज: अ‍ॅनिमेचे कॉमेडी स्पिन-ऑफ कधी आणि कुठल्या क्रमाने बघायचे

गेल्या मे महिन्यात माझा मावसभाऊ सुट्टीला आमच्याकडे होता, नववीतला पोरगा, आणि त्याने एका दुपारी मोठ्या उत्साहाने इसेकाई क्वार्टेट (चार वेगवेगळ्या अ‍ॅनिमे मालिकांची पात्रं एकत्र आणणारी कॉमेडी) लावलं, का तर एपिसोड बारा मिनिटांचे आहेत आणि सगळी पात्रं बुटकी नि गोड दिसतात. तिसऱ्या मिनिटाला त्याचा पहिला प्रश्न आला, "दादा, हा सांगाडा कोण?" मग "ही निळ्या केसांची सारखी का रडते?" मग "हा ट्रॅकसूटवाला त्या दुसऱ्या ट्रॅकसूटवाल्याला बघून का दचकला?" मी आपला पॉज करून करून सांगतोय. दोन एपिसोड झाल्यावर त्याने बंद केलं आणि म्हणाला, बोअर आहे.

बोअर नाहीये ते, त्याने फक्त उलट्या टोकाने सुरू केलं. ओळख ना पाळख अशा लग्नात जाऊन बसलात आणि सगळे मामा-काका एकमेकांच्या खोड्या काढतायत, हसून हसून लोळतायत, तर तुम्हाला त्यातलं काय कळणार? या बोनस कॉमेड्यांचं तसंच आहे. आणि ही चूक करणारा तो एकटा नाही, मला ओळखीतले निदान सात-आठ जण माहीत आहेत ज्यांनी असंच सुरू करून सोडून दिलं, किंवा त्याहून वाईट म्हणजे मूळ मालिकेतला मोठा धक्का इथे आधीच कळून घेतला. म्हणून हे सगळं एकदा नीट, पायरीपायरीने लिहून ठेवतोय.

## टप्पा १: हातात काय आहे ते आधी ओळखा

सगळे स्पिन-ऑफ, म्हणजे मूळ मालिकेतून फुटलेल्या बाजूच्या मालिका, एका जातीचे नसतात आणि प्रत्येक जातीची बघायची वेळ वेगळी असते. अ‍ॅपवर सगळ्यांचा चौकोन सारखाच दिसतो, त्यामुळे गडबड इथूनच सुरू होते.

पहिली जात म्हणजे छोटे शॉर्ट. दोन-तीन मिनिटांचे, पात्रं चिबी म्हणजे मोठ्या डोक्याची आणि आखूड हातापायांची, गोष्ट अशी काही नाही, नुसत्या गप्पा आणि खोड्या. री झीरोचा ब्रेक टाइम, ओव्हरलॉर्डचं प्ले प्ले प्लेयाडीझ, तान्या द इव्हिलचं योजो शेंकी, हे सगळे यातले. हे मूळ मालिकेच्या शेपटाला बांधलेले असतात, वेगळे काढून बघण्यात काही अर्थ नाही.

दुसरी जात पूर्ण लांबीची बाजूची मालिका. स्लाइम डायरीज (२०२१; मूळ मालिका दॅट टाइम आय गॉट रीइनकार्नेटेड अ‍ॅज अ स्लाइम, जिला मी पुढे नुसतं स्लाइम म्हणतोय) किंवा अटॅक ऑन टायटन: ज्युनियर हाय (२०१५). दोन्हींचे बारा-बारा एपिसोड आहेत आणि ते नेहमीसारखे अर्ध्या तासाच्या स्लॉटचे आहेत. दिसायला अगदी "पुढचा सीझन" वाटतात आणि नेमकं तिथेच लोक फसतात.

तिसरी जात क्रॉसओव्हर, म्हणजे चार-पाच मालिकांची पात्रं एका वर्गात कोंबलेली. इसेकाई क्वार्टेट हा त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त तयारी मागणारा प्रकार, त्यावर खाली सविस्तर येतोच.

चौथी जात ओव्हीए (टीव्हीच्या मालिकेबाहेर वेगळे काढलेले भाग) आणि छोटे चित्रपट. यात एकाच मालिकेचे दोन असले तर दोन्ही एकाच मूडचे असतील असं धरून चालू नका. री झीरोचा मेमरी स्नो (२०१८) हलकाफुलका आहे, बर्फ, बर्फाचे पुतळे, नायक सुबारू आणि नायिका एमिलियाची डेट. आणि पुढच्याच वर्षी आलेला फ्रोझन बाँड हा एमिलिया आणि पक यांची आधीची गोष्ट सांगतो, तो अजिबात कॉमेडी नाही. माझ्या एका मैत्रिणीने "दोन्ही बोनस आहेत ना" म्हणून एका रात्री पाठोपाठ लावले आणि दुसरा संपल्यावर रडत मेसेज केला.

सावध: नावात "ज्युनियर", "डायरीज", "ब्रेक", "पेटिट", "क्वार्टेट" असलं काही दिसलं की लगेच प्ले दाबू नका. एपिसोड किती मिनिटांचा आहे आणि मालिका कुठल्या वर्षाची आहे, एवढ्या दोन गोष्टी आधी बघा. जात कळायला तेवढ्या पुरतात.

## टप्पा २: कागद-पेन घेऊन यादी करा

हो, खरंच कागद. फोनच्या नोट्समध्ये केलीत तरी चालेल पण मी कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतो, कारण अ‍ॅपमधली "बघत राहा" वाली रांग स्वतःच्या मनाने वर-खाली होते आणि तिच्या भरवशावर राहिलं की क्रम मोडतो.

कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात मूळ मालिकेचं नाव आणि सीझन, दुसऱ्यात एपिसोड किती, तिसऱ्यात "याच्यानंतर काय उघडतं". तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. उदाहरणार्थ स्लाइम, पहिला सीझन, २४, उघडतं: स्लाइम डायरीज. री झीरो, पहिला सीझन, ११ व्या एपिसोडपर्यंत, उघडतं: मेमरी स्नो. असं.

मग दुसरं काम, तुमच्या अ‍ॅपवर मूळ मालिकेची कुठली आवृत्ती आहे ते बघा. री झीरोच्या बाबतीत हे फार लागतं. २०१६ साली पहिला सीझन २५ एपिसोडचा आला, त्यातला पहिला एपिसोड दुप्पट लांबीचा. मग २०२० च्या सुरुवातीला त्याचीच डायरेक्टर्स कट आली, त्यात दोन-दोन एपिसोड जोडून १३ मोठे एपिसोड केलेत आणि शेवटाला थोडा नवीन भाग आहे. तुम्ही डायरेक्टर्स कट बघत असाल आणि कुणी सांगितलं की "११ व्या एपिसोडनंतर मेमरी स्नो बघ", तर तुम्ही पार सीझनच्या शेवटाजवळ पोचलेले असाल. हिशोब सोपा आहे: डायरेक्टर्स कटचा पहिला एपिसोड म्हणजे जुना पहिला, दुसरा म्हणजे जुना २ आणि ३, तिसरा म्हणजे ४ आणि ५. म्हणजे जुना ११ वा हा डायरेक्टर्स कटच्या सहाव्याचा दुसरा अर्धा भाग.

थांबा, तपासा: तुमच्या यादीत प्रत्येक मूळ मालिकेसमोर एपिसोडचा आकडा लिहिलाय का, आणि तो तुमच्या अ‍ॅपवरच्या आकड्याशी जुळतो का? जुळत नसेल तर आवृत्ती वेगळी आहे. आधी ते मिटवा, मग पुढे जा.

तिसरं, सर्च. पात्राचं नाव टाइप केलं की सर्चचा बॉक्स आपोआप पुढचे शब्द सुचवतो आणि रेम किंवा शिझू अशा नावांपुढे जे सुचवलं जातं त्यातच अर्धी गोष्ट फुटते. थंबनेलचं पण तेच. म्हणून शॉर्ट शोधायचे असतील तर मूळ मालिकेच्या पानावर जाऊन तिथल्या स्पेशल किंवा एक्स्ट्राच्या यादीत बघा, व्हिडिओच्या साइटवर मोकळा सर्च करू नका. आणि पात्र आठवत नसेल तर बघून झालेल्या मित्राला विचारा, सगळ्यात सेफ तेच.

## टप्पा ३: मूळ मालिकेसोबतचे शॉर्ट (री झीरो धरून)

यात क्रम इतका सरळ आहे की चुकायला नको, तरी लोक चुकतात. ब्रेक टाइम पहिल्या सीझनसोबत ११ आले आणि त्यानंतर पेटिट नावाने १४ आले. ११ आणि १४ मिळून २५, म्हणजे मूळच्या प्रत्येक एपिसोडमागे एक. टीव्हीवर आठवड्याच्या एपिसोडच्या मागून लागायचे, त्यामुळे त्या एपिसोडपर्यंत तुम्हाला जे माहीत झालंय तेवढ्यावरच त्यांचे विनोद चालतात. दोन्ही स्टुडिओ पुयुकाईचे.

तर करायचं असं:

१. मूळ एपिसोड पूर्ण बघा, शेवटचं गाणं आणि त्यानंतरचा तुकडा असेल तर तोही. री झीरोमध्ये बऱ्याचदा शेवटचं गाणं चित्रावरच वाजत असतं आणि गोष्ट चालूच असते, ते कापू नका.

२. मग त्याच नंबरचा शॉर्ट. पहिल्याला ब्रेक टाइम १, अकराव्याला ब्रेक टाइम ११, बाराव्याला पेटिट १, तेराव्याला पेटिट २, असं शेवटपर्यंत.

३. मेमरी स्नो ११ व्याचा शॉर्ट झाल्यावर, १२ वा सुरू करायच्या आधी. ही जागा फार विचार करून सांगतोय. १२ व्यापासून पुढची गोष्ट जी काही घसरणीला लागते ती लागते, त्याच्या आधी त्या वाड्यातली माणसं एक दिवस निवांत हसताना बघितली असतील तर पुढचं जास्त लागतं. तो नंतर बनलाय म्हणून नंतर बघावा असं नाही.

आता एक अडचण. काही एपिसोड इतके भयानक संपतात की त्यानंतर लगेच तीच पात्रं चिबी होऊन चहा पीत गप्पा मारताना बघवत नाहीत. मला पंधराव्या एपिसोडनंतर असं झालं होतं, मी शॉर्ट लावला, दहा सेकंदात बंद केला आणि नुसता बसून राहिलो. अशा वेळी शॉर्ट दुसऱ्या दिवशी बघा, पुढचा एपिसोड लावायच्या आधी. क्रम तोच राहतो, फक्त मध्ये एक रात्र जाते, आणि दुसऱ्या दिवशी तो शॉर्ट खरंच मलम लावल्यासारखा वाटतो.

चूक जी सगळ्यात जास्त होते: "छोटेच आहेत" म्हणून पंचवीसच्या पंचवीस शॉर्ट एका दमात बघणं. तासाभरात उरकतात, पण दहाव्यापासून सगळे एकसारखे वाटायला लागतात, आणि मूळ मालिका अर्धवट असेल तर पुढची पात्रं इथेच भेटून जातात.

ओव्हरलॉर्डचं प्ले प्ले प्लेयाडीझ मुळात डिस्कसोबतचा बोनस म्हणून आलं, त्यामुळे ते एपिसोडला एक असं जुळत नाही. ते पहिला सीझन पूर्ण झाल्यावर एकत्र बघितलं तरी चालतं. तान्याचे शॉर्ट मात्र पुन्हा एपिसोडमागून एपिसोड.

पुढच्या सीझनसोबतही ब्रेक टाइम आलेत, त्यांनाही हाच नियम.

## टप्पा ४: स्लाइम डायरीजची जागा

स्लाइमचा पहिला सीझन २०१८-१९ चा, २४ एपिसोड. दुसरा सीझन दोन तुकड्यांत आला, जानेवारी ते मार्च २०२१ आणि मग जुलै ते सप्टेंबर २०२१, आणि या दोन तुकड्यांच्या मधल्या तीन महिन्यांत टीव्हीवर स्लाइम डायरीज लागली. म्हणजे प्रसारणाच्या क्रमाने गेलात तर दुसऱ्या सीझनच्या ऐन मध्यात, गोष्ट सगळ्यात ताणलेली असताना, बारा एपिसोड शेतीवाडी, सणवार आणि टेम्पेस्ट गावातल्या गमतीजमती.

त्या वेळी जे दर आठवड्याला बघत होते त्यांना तीन महिने थांबायचंच होतं, त्यामुळे त्यांना ते चालून गेलं. तुम्ही आज बघताय, तुमच्यापुढे सगळं तयार आहे, तुम्ही तसं करू नका. माझं ठाम मत: पहिला सीझन, २४ संपला, की डायरीज. मग दुसरा सीझन.

याचं कारण फक्त काळाचं जुळणं एवढंच नाहीये. मूळ मालिकेत नायक रिमुरूच्या मागे जो गॉब्लिनांचा घोळका उभा असतो त्यातली तोंडं तुम्हाला ओळखू येत नाहीत, सगळे हिरवे, सगळे हो-ला-हो करणारे. डायरीजमध्ये त्यातल्या गोब्झोसारख्या साध्यासुध्या पोरांना नाव मिळतं, सवयी मिळतात, तो वेंधळेपणा करतो आणि तुम्ही त्याच्यावर हसता. मग दुसऱ्या सीझनमध्ये गोब्झो जेव्हा समोर येतो तेव्हा तो घोळक्यातला एक राहिलेला नसतो. मी पहिल्यांदा प्रसारणाच्या क्रमाने बघितलं होतं आणि तेव्हा तो प्रसंग माझ्यासमोरून नुसता निघून गेला. दुसऱ्यांदा डायरीज आधी बघून गेलो आणि तिथे मला पॉज करावं लागलं.

थांबा, तपासा: अ‍ॅपवर स्लाइमच्या पानावर २४.५, २४.९ असे अर्धे नंबर दिसतात. ते डायरीजचे एपिसोड नाहीत, डायरीज वेगळ्या नावाने असते. डायरीजचे नंबर १ ते १२ असेच असतात. भलत्याला डायरीज समजून "बघून झालं" अशी खूण करू नका.

अटॅक ऑन टायटन: ज्युनियर हायबद्दल थोडक्यात. ती पहिल्या सीझननंतर, दुसऱ्याच्या आधी बनली, तेव्हा पहिले २५ एपिसोड पुरेसे आहेत. एरेनचा टायटनांवरचा राग इथे त्यांनी लहानपणी त्याचा डबा पळवला म्हणून आहे, हा विनोद कळायला मूळ पहिला एपिसोड बघितलेला हवा आणि चांगला आठवत असायला हवा. उगाच पुढचे सीझन संपवून मग जाऊ नका, कारण शेवट माहीत असताना त्या वर्गात बाकांवर बसलेली काही तोंडं बघून हसू येत नाही.

## टप्पा ५: इसेकाई क्वार्टेटची तयारी

आता मुख्य काम. इसेकाई क्वार्टेटचा पहिला सीझन एप्रिल ते जून २०१९, दुसरा जानेवारी ते मार्च २०२०, प्रत्येकी १२ एपिसोड, दिग्दर्शक मिनोरु आशिना आणि स्टुडिओ पुन्हा पुयुकाईच. कोनोसुबा, ओव्हरलॉर्ड, री झीरो आणि तान्या द इव्हिल, या चारही मालिकांची मूळ पुस्तकं काडोकावाच्या घरातली, म्हणूनच हे एकत्र येणं जमलं. गोष्ट एवढीच की सगळ्यांसमोर एक बटण येतं, ते दाबलं जातं, आणि सगळे दुसऱ्याच जगातल्या एका शाळेत, एकाच वर्गात येऊन पडतात.

कमीत कमी किती बघितलेलं हवं ते असं: कोनोसुबाचे पहिले दोन सीझन, १० आणि १० मिळून २०. ओव्हरलॉर्डचा पहिला, १३. तान्या, १२. री झीरोचा पहिला, २५. बेरीज ७० एपिसोड, चोवीस मिनिटांनी धरले तर साधारण २८ तास. आणि क्वार्टेटचा पहिला सीझन सगळा मिळून अडीच तासाचाही नाही. ऐकायला उफराटं वाटतं, अडीच तासांसाठी अठ्ठावीस तास, पण रोज दोन एपिसोड धरलेत तर पस्तीस दिवसांत होतं, आणि त्या चारही मालिका स्वतःच्या बळावर बघण्यासारख्या आहेतच.

कुठल्या क्रमाने? मी तीन वेगवेगळ्या जणांना तीन क्रमांनी बसवून बघितलंय, त्यातला जो सगळ्यात चांगला चालला तो देतो:

१. कोनोसुबा पहिला सीझन. हलका आहे, आणि दुसऱ्या जगात जाऊन पडण्याच्या सगळ्या ठरलेल्या गोष्टींची इथे खिल्ली आहे, त्यामुळे पुढच्यांचा साचा आपोआप कळतो.

२. ओव्हरलॉर्ड पहिला सीझन. इथे एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघा, आईन्झच्या (म्हणजे त्या सांगाड्याच्या) मनात भावना फार उसळली की ती एकदम दाबली जाते आणि त्याच्या अंगाभोवती हिरवट उजेड चमकतो. क्वार्टेटमध्ये ही खूण विनोद म्हणून येते, ती कळली नाही तर विनोद हुकलाच.

३. लगेच तान्या. ओव्हरलॉर्डला लागूनच, मध्ये काही नको. आईन्झ आणि तान्या दोघं वरवर जमीन-अस्मानाचा फरक असलेले, पण आतून ऑफिसच्या एकाच साच्यातले, वरिष्ठ, बढती, रिपोर्ट असा विचार करणारे, हे पाठोपाठ बघितलं की ठसतं. तान्याचा पहिला एपिसोड काहीही न वाचता बघा, ती खरी कोण ते दुसऱ्यात कळतं आणि क्वार्टेट आधी बघितलं की नेमकं हेच जातं.

४. कोनोसुबा दुसरा सीझन. युद्धानंतर जरा श्वास घ्यायला.

५. री झीरो पहिला सीझन, शॉर्टसकट, टप्पा ३ प्रमाणे. हा शेवटी ठेवायचा, कारण पुयुकाईचं चिबी चित्र डोळ्यात बसलेलं असतं आणि तिथून क्वार्टेटमध्ये पाऊल टाकणं अगदी शेजारच्या खोलीत गेल्यासारखं होतं.

चूक: "मला री झीरो जड जाते, ती सोडून बाकी तीन बघतो." नका करू. वर्गातली निम्मी गंमत सुबारूवर चालते, आणि वर्गशिक्षक म्हणून जो समोर उभा राहतो तो रोझवाल आहे. तो कोण ते माहीत नसेल तर तुम्हाला तो फक्त रंगवलेल्या तोंडाचा, हेल काढून बोलणारा माणूस दिसेल.

चूक: शील्ड हीरो आधी बघण्याचा आग्रह. नाओफुमी, राफ्तालिया आणि फिलो ही तिची पात्रं क्वार्टेटच्या दुसऱ्या सीझनमध्ये खऱ्या अर्थाने येतात. तेव्हा शील्ड हीरोचा पहिला सीझन, २५ एपिसोड, क्वार्टेटच्या पहिल्या आणि दुसऱ्या सीझनच्या मध्ये टाका. म्हणजे विश्रांतीही होते आणि ती पात्रं ताजी असतात.

थांबा, तपासा: प्ले दाबायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. आक्वाला आईन्झ दिसला तर ती काय करेल? देवाचं नाव काढलं की तान्याच्या कपाळाला आठ्या का पडतात? काझुमा आणि सुबारू एकमेकांचे कपडे बघून का चमकतील? तिन्हीची उत्तरं न थांबता आली तर तुम्ही तयार आहात. एकही अडलं तर त्या मालिकेचे पहिले दोन एपिसोड पुन्हा बघून या.

## टप्पा ६: बघताना

एका वेळी दोन एपिसोड, फार तर तीन. बारा मिनिटांच्या एपिसोडात विनोद एकावर एक येतात, मागच्या बाकावर कोण काय करतंय तेही बघायचं असतं, आणि चौथ्यानंतर डोळा आळसावतो.

आवाज जपानी ठेवा. मी एरवी डबच्या विरुद्ध नाही, ज्याला जे रुचेल ते, पण इथे मूळ कलाकारांनीच आपापली पात्रं केलीत आणि त्यातली एक गोष्ट फक्त कानाला कळते: री झीरोची एमिलिया आणि कोनोसुबाची मेगुमिन, दोघींचा आवाज रिए ताकाहाशीचा आहे. एक शांत, जपून बोलणारी, दुसरी स्फोटाच्या मंत्राने गाव दणाणून सोडणारी, आणि दोघी एकाच वर्गात. हे माहीत झाल्यावर त्या दोघी एका दृश्यात आल्या की मी अजूनही डोळे मिटून ऐकतो.

सबटायटल बहुतेक इंग्रजीच मिळतात आणि त्यात सगळ्यांना सरसकट एकच सर्वनाम लागतं, त्यामुळे कोण कुणाला किती मान देतंय ते उडून जातं. इथे आपल्याला मराठीचा फायदा घेता येतो. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहेच, तेव्हा कान फक्त नावाच्या शेपटाकडे ठेवा. अल्बेडो "आईन्झ-सामा" म्हणते तो आपल्या "महाराज"च्या जवळचा सूर आहे, रेमचं "सुबारू-कुन" हे आपुलकीचं, घरातलं. बीट्रिसच्या वाक्याच्या शेवटी येणारं "काशिरा" ओळखा, सबटायटलमध्ये ते वेगवेगळ्या प्रकारे ओढूनताणून बसवलेलं असतं पण कानाला एकदा सापडलं की ती पडद्यावर नसतानाही कळतं की बीट्रिस बोलली. आमच्या पोराला मी हे सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी आईला "आई-सामा, भूक लागली" म्हणत होता.

वर्गप्रतिनिधी निवडणं, क्रीडामहोत्सव, नवीन विद्यार्थी वर्गात येणं, हे सगळं जपानी शाळेतल्या गोष्टींतलं नेहमीचं आहे आणि गंमत अशी की हाडांचा सांगाडा असलेला राजा किंवा लष्करी अधिकारी हे सगळं गंभीरपणे करतोय. तिथे "पुढे काय होणार" याची वाट बघू नका, पुढे फारसं काही होत नाही. चेहरे बघा.

सुरुवातीचं गाणं निदान पहिल्यांदा तरी पूर्ण ऐका, ते आईन्झ, काझुमा, सुबारू आणि तान्या यांच्याच आवाजातल्या कलाकारांनी म्हटलंय.

सावध, घरात लहान मुलं असतील तर: हा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. चिबी चित्र बघून आई-बाबांना वाटतं की हे लहान मुलांचं आहे, आणि क्वार्टेट स्वतः तसं फार काही वाईट दाखवतही नाही. पण मुलाला आवडलं की ते त्या गोड निळ्या केसांच्या रेमची मूळ मालिका शोधणार, आणि री झीरोमध्ये रक्त, मृत्यू आणि मनाला झिंजोडणारी दृश्यं आहेत, ओव्हरलॉर्ड आणि तान्यामध्येही क्रौर्य आहे, आणि कोनोसुबातले बरेचसे विनोद मोठ्यांचे आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलाला स्पिन-ऑफ लावून देण्याआधी मूळ मालिकेवर वयाची काय खूण आहे ती बघा आणि प्रोफाइल लॉक करा. लहानांसोबत काही बघायचंच असेल तर मी स्लाइमपासून सुरुवात करेन, तीही शेजारी बसून, कारण तिच्यातही लढाया आणि मरणं आहेत.

## टप्पा ७: क्वार्टेटनंतर

पहिले दोन सीझन झाले की चित्रपट, अनदर वर्ल्ड, जपानमध्ये १० जून २०२२ ला आला. तो पूर्ण लांबीचा आहे आणि त्यात नवीन पात्रांची एक गोष्ट आहे, त्यामुळे सीझनसारखा तुकड्यातुकड्यात न बघता एका बैठकीत बघा.

कोनोसुबाचा अ‍ॅन एक्स्प्लोजन ऑन धिस वंडरफुल वर्ल्ड (२०२३) हा मेगुमिनचा स्पिन-ऑफ पण इथेच यादीत टाका. गोष्ट काझुमा भेटायच्या आधीची आहे म्हणून लोक तो सगळ्यात पहिला बघतात आणि कोनोसुबा म्हणजे अशी निवांत शाळकरी गोष्ट असते असा समज करून घेतात. तो २०१९ च्या चित्रपटानंतर बघायचा, मेगुमिनचं गाव आणि तिथली विचित्र माणसं एकदा चित्रपटात भेटली की मग तिचं लहानपण बघण्यात मजा आहे.

## उलटा क्रम आधीच झाला असेल तर

घाबरायचं कारण नाही, पण लगेच मूळ मालिकेवर उडी मारू नका. क्वार्टेट अर्धवट बघून सोडलं असेल तर तिथेच थांबवा, अ‍ॅपमधून "बघत राहा" मधून काढून टाका म्हणजे ते स्वतःहून पुढे लागणार नाही. मग ज्या पात्राने तुम्हाला सगळ्यात जास्त कोड्यात टाकलं त्याची मालिका आधी घ्या, वरचा क्रम थोडा बदलला तरी हरकत नाही. स्लाइम डायरीज चुकून दुसरा सीझन समजून बघून टाकली असेल तर काही बिघडलं नाही, मागे जाऊन पहिल्या सीझनचा राहिलेला भाग पूर्ण करा, मग डायरीजचे पहिले तीन एपिसोड पुन्हा.

मावसभावाला सांगाडाच डोक्यात बसला होता, म्हणून त्याने ओव्हरलॉर्डपासून सुरू केलं, मावशीला विचारून आणि मी शेजारी बसलेलो असताना. सुट्टी संपेपर्यंत ओव्हरलॉर्ड आणि कोनोसुबाचा पहिला सीझन झाला होता, तान्याचे सहा एपिसोड झाले होते, बाकीचं तो आता शनिवार-रविवारी घरी बघतोय, कागद त्याच्याकडेच दिलाय. परवा त्याचा फोन आला, री झीरोच्या सातव्यावर आहे, आणि विचारत होता की ब्रेक टाइम सात आज बघू की उद्या. मी म्हटलं उद्या.